मसाल्याच्या पाकिटाचे तीन नमुने: ‘छान दिसतं’ याच्या पलीकडे जाऊन निवडायचं कसं?

सुगरण_गट

नमस्कार मंडळी. बचत गटाचा कांदा-लसूण मसाला आहे, २०० ग्रॅमचं पाकीट. सध्या पारदर्शक पिशवी आणि तिच्यावर लाल-पांढरं लेबल असं चालतं. आता छापील उभा पाउच करायचाय, चमकी फिल्मचा, दर्शनी भाग १३० × २१० मि.मी. डिझायनरने तीन नमुने दिलेत:

अ: लाल पार्श्वभूमी, वर पिवळ्या ठसठशीत अक्षरांत नाव, खाली मटणाच्या तांबड्या रश्श्याचा फोटो.
ब: खाकी कागदासारखा रंग, मध्ये मिरचीचं रेखाचित्र, नाव इंग्रजीत बारीक, त्याखाली मराठीत आणखी बारीक.
क: मॅट काळा, सोनेरी अक्षरं, कोपऱ्यांत नक्षी.

तरुण मुलींना ब हवंय, बाकीच्यांना क. अ म्हणजे ‘नेहमीचंच’, असं सगळ्यांचं मत. माल बहुतेक किराणा दुकानांतून जातो, थोडा प्रदर्शनांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून. हात वर करून मतदान घ्यायचं नाहीये. डिझाइन मोजायची काही पद्धत असते का? याच डिझाइनवरून पुढे एक पॅम्फ्लेट आणि स्टँडजवळ एक फ्लेक्सही करायचाय.

काउंटरपलीकडून

पद्धत आहे. तिला खर्च जवळजवळ नाही, दोन दुपारी लागतील.

आधी स्क्रीनवर बघणं थांबवा. मोबाइलवर पीडीएफ उघडली की पाकीट एक तर तळहाताएवढं दिसतं, नाही तर झूम करून पोस्टरएवढं. तिन्ही नमुने १०० टक्के मापात छापून घ्या. प्रिंट काढताना ‘फिट टु पेज’ बंद ठेवा आणि पट्टीने १३० मि.मी. मोजून खात्री करा. ते कापून, त्याच मापाच्या कोऱ्या पाउचमध्ये २०० ग्रॅम मसाला भरून त्यावर चिकटवा. भरल्यावर पाउच फुगतो आणि दोन्ही कडांचे दहा-पंधरा मि.मी. वळून मागे जातात. खालची घडी उघडली की तळाची पट्टीही जमिनीकडे बघते. सपाट कागदावर मधोमध बसलेलं नाव इथे पहिलं आणि शेवटचं अक्षर गमावतं. क मधली कोपऱ्यातली नक्षी तर पूर्णच जाईल.

आता अंतर. किराणा दुकानात गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे, पाकीट पलीकडच्या फळीवर. म्हणजे दीड-दोन मीटर, वर एक ट्यूबलाइट. पाट्यांच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब वापरतात: ३ मीटरवरून आरामात वाचायला २५ मि.मी. उंचीचं अक्षर. त्या हिशेबाने २ मीटरला साधारण १७ मि.मी. उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची, वरची वेलांटी आणि खालचा उकार सोडून. डिझायनर सांगतो तो पॉइंट साइज इथे कामाचा नाही. एकाच पॉइंट साइजला दोन देवनागरी फॉन्टची अक्षरं बरीच लहानमोठी निघतात.

मग नमुना पाकीट दुकानात नेऊन, जिथे ठेवलं जाणार तिथेच, शेजारच्या चार मसाल्यांच्या मध्ये ठेवा आणि दोन मीटरवरून झूम न करता फोटो काढा. त्याच फोटोचा कृष्णधवल करा. लालावर पिवळं इथे टिकतं, कारण पिवळा खूप उजळ आणि लाल बराच गडद. लालावर हिरवं किंवा खाकीवर तपकिरी असेल तर दोन्ही एकाच राखाडीत मिसळतात. ब बहुधा इथेच बाद होईल.

शेवटी माणसं. प्रत्येकाला एकच नमुना दाखवायचा, पाच सेकंद, मग झाकायचा. तिन्ही एकापाठोपाठ दाखवलेत तर माणूस तुलना करायला लागतो आणि ‘मला हा आवडला’वर येतो. एका नमुन्याला दहा जण धरले तर तीस जण लागतील, गटाबाहेरचे आणि नात्याबाहेरचे. प्रश्न चारच: हे काय आहे? कुणाचं आहे? तिखट वाटतं का? वजन किती होतं? ‘कसं वाटलं’ हा प्रश्न नको, त्यावर आपल्याकडे सगळे ‘छान’ म्हणतात.

पहिल्या प्रश्नाची उत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवा. कोल्हापूर-सांगलीकडे या वस्तूला घरात ‘चटणी’ म्हणतात, मुंबईत चटणी म्हटलं की इडलीबरोबरची आठवते. कुणी ‘लोणच्याचा मसाला’ म्हणालं तर नावाखाली दुसरी ओळ हवी: ‘रस्सा, उसळ, मिसळीसाठी’.

शिरोरेषा

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण वाचता येणं उंचीवरच ठरत नाही. देवनागरीत आडवी रेघ आणि उभा दांडा यांची जाडी फार वेगळी असेल तर लांबून फक्त दांडे दिसतात. ‘मसाला’ म्हणजे नुसत्या काठ्या. पाकिटाच्या नावासाठी जवळपास समान जाडीचं, आतल्या पोकळ्या मोकळ्या असलेलं वळण घ्या. ‘स’, ‘ळ’, ‘क्ष’ यांच्या पोकळ्या बुजतात का ते आधी बघायचं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे दोन्ही फॉन्ट विनामूल्य आहेत आणि त्यांत बरीच वजनं, म्हणजे अक्षरांच्या कमी-जास्त जाड्या, मिळतात. मुक्त बारीक मजकुरालाही चालतो, बलू फक्त नावाला.

तुमच्या नावात ‘ल’ दोनदा येतो, लसूणमध्ये आणि मसाल्यात. हिंदी वळणाचा ल आणि मराठी वळणाचा ल वेगळे आहेत, तसंच ‘श’चं. २००९च्या शासन निर्णयातल्या वर्णमालेत मराठी वळणंच दिली आहेत. हिंदी वळणाने छापलं तर कायदा मोडत नाही, पण पाकीट परगावचं वाटतं, आणि तुम्ही विकताय तो गावचा मसाला. काही फॉन्टांत भाषा ‘मराठी’ निवडल्यावर अक्षर आपोआप बदलतं, काहींत मराठी रूपच नसतं. ‘तीरो देवनागरी मराठी’ या फॉन्टमध्ये ती रूपं आधीपासून आहेत, पण तो पुस्तकी घाटाचा आहे. मागच्या बाजूच्या मजकुराला शोभेल, पुढच्या नावाला नाजूक पडेल.

प्रूफ तपासताना दोन चुका हमखास सापडतात. एक, वेलांटी सरकते: ‘मिरची’चं ‘मरिची’ होतं. अ‍ॅडोबीच्या सॉफ्टवेअरात भारतीय लिपीची जुळणी चालू नसेल तर असं होतं. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कम्पोझर निवडावा लागतो, इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये इंडिक पर्याय चालू करावा लागतो. दुसरी, ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’. ‘वऱ्हाडी’चं ‘वर्हाडी’ आणि ‘साताऱ्याचा’चं ‘सातार्याचा’ छापलेली पाकिटं बाजारात ढिगाने आहेत. तुमच्या मजकुरात असे शब्द असतील तर नुसते तेच शोधून तपासा. सगळं बरोबर झाल्यावरच अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर, करायला सांगा. कर्व्ह झाल्यावर चूक टाइप करून सुधारत नाही, पुन्हा जुळवावं लागतं.

ब मधलं इंग्रजी नाव मोठं आणि मराठी बारीक, हे उलटं करा. ज्या गिऱ्हाइकाला ‘कांदा-लसूण’ म्हणजे काय ते कळतं ते मराठी वाचतंच.

सहा_सिलिंडर

मी छपाईच्या बाजूने बोलतो. डिझाइन चांगलं की वाईट हे ठरवताना ते त्या फिल्मवर येणार आहे का, हाही प्रश्न आहे, आणि तो लोक शेवटी विचारतात.

ग्रॅव्ह्युअर छपाईत, म्हणजे कोरलेल्या रुळांनी फिल्मवर होणाऱ्या छपाईत, प्रत्येक रंगाला वेगळा रूळ, म्हणजे सिलिंडर. अ मध्ये फोटो आहे म्हणजे चार रंग, शिवाय पांढरा, आणि ब्रँडचा लाल दर वेळी सारखाच हवा असेल तर तो स्वतंत्र: एकूण सहा. क तीनांत बसतो: काळा, पिवळा, पांढरा. सोनेरीला वेगळी शाई नको, चमकी फिल्मवर पारदर्शक पिवळा मारला की सोनेरीच दिसतो. पण तिथेच खोच आहे. ते सोनं म्हणजे आरसा. समोर उजेड असेल तर झळकतं, समोर अंधारा काउंटर असेल तर तो अंधारच दाखवतं, आणि काळ्यावर काळी अक्षरं होतात. कागदावरच्या प्रिंटमध्ये हे कधीच दिसणार नाही. छपाईवाल्याकडून चमकी फिल्मवरचा कुठलाही जुना सोनेरी-काळा नमुना मागून आणा आणि दुकानात धरून बघा. मॅट काळ्याचा आणखी एक त्रास: बोटांचे तेलकट ठसे आणि खोक्यात घासल्याचे पांढुरके ओरखडे. मसाल्याच्या धंद्यात हात कोरडे राहत नाहीत.

अ मधल्या फोटोखाली पूर्ण पांढरा थर हवाच. ही छपाई फिल्मच्या आतल्या बाजूने उलटी होते, आधी रंग, शेवटी पांढरा, मग त्यावर चमकी थर चिकटतो. पांढरा नसेल तर रस्सा करडा, शिळा दिसतो. फाइलमध्ये पांढऱ्याचा वेगळा थर केलाय का, हे डिझायनरला विचारा. तो गोंधळला तर त्याने आजवर कागदावरचंच काम केलंय असं समजा.

धावत्या फिल्मवर रंग पाव ते अर्धा मि.मी. सरकतो. म्हणून:

– बारीक मजकूर एकाच रंगात. चार रंगांच्या मिश्रणातून केलेला तपकिरी बारीक मजकूर दुहेरी दिसतो.
– गडद रंगातून कोरून काढलेली पांढरी अक्षरं ७-८ पॉइंटच्या खाली नकोत, तीही जाड वजनात. शिरोरेषा सगळ्यात आधी भरून जाते.
– सीलच्या पट्ट्यांवर, साधारण १० मि.मी., काहीही महत्त्वाचं नको. तिथे फिल्म दाबली जाते आणि अक्षर सुरकुततं.
– एमआरपी, बॅच, तारीख यांसाठी फिक्या रंगाची, वार्निश नसलेली ३५ × २० मि.मी.ची जागा कोरी सोडा. काळ्यावर इंकजेटचा काळा शिक्का वाचता येत नाही, वार्निशवर तो बोटाने पुसला जातो. आणि एमआरपी डिझाइनमध्येच छापलीत तर भाव बदलला की सिलिंडर बदला.

माल थोडा असेल तर मुळात ग्रॅव्ह्युअरच्या फंदात पडू नका. कोरा चमकी पाउच आणि त्यावर चांगलं स्टिकर, किंवा डिजिटल छपाई. ग्रॅव्ह्युअरचा खर्च सिलिंडरांवरच जातो, आणि छपाईवाला किमान रोल घ्यायला लावतो. दोन वर्षांचं पाकीट गोदामात पडून राहील आणि मधे पत्ता बदलेल.

आणि हो, दुकानाबाहेर उन्हात लटकवणार असाल तर लालाची आशा सोडा. पिवळा आणि किरमिजी आधी उडतात, निळा-काळा राहतो. काही महिन्यांत रस्सा निळसर. छपाईवाल्याकडे उन्हात टिकणारी शाई मागता येते, पण ती वेगळी सांगावी लागते.

लेबल_तपासनीस

नियमांच्या गोष्टी डिझाइन संपल्यावर कोपऱ्यात कोंबल्या की पाकीट बिघडतं. त्या आधीच आराखड्यात धरा.

हिरवी खूण: दर्शनी भाग १०० ते ५०० चौ. सें.मी. असेल तर वर्तुळाचा व्यास किमान ४ मि.मी. आणि चौकटीची बाजू त्याच्या दुप्पट, म्हणजे ८. तुमचा भाग २७३ चौ. सें.मी. भरतो, तेव्हा हेच माप. खूण नावाजवळ, उठून दिसेल अशा पार्श्वभूमीवर. क मध्ये काळ्यावर गडद हिरवी दिसणार नाही, खाली पांढरा चौकोन द्या. अ मध्ये वेगळीच अडचण: मटणाचा फोटो आणि शेजारी हिरवी खूण. नियमात काय बसतं ते राहू द्या, बघणारा गोंधळतो, आणि शाकाहारी गिऱ्हाईक हातच लावत नाही. वाटीत मटणाऐवजी मटकीची उसळ ठेवा.

भाषा: सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवी. मराठी सोबत जरूर द्या, पण फक्त मराठीत दिलेली चालत नाही. यासाठी जागा दुप्पट लागते, हे मागच्या बाजूच्या आराखड्यात कुणी धरत नाही.

वजन: आकड्याची किमान उंची वजनाच्या टप्प्यानुसार ठरते. २०० ग्रॅमला ४ मि.मी. ठेवलीत तर निवांत राहाल, आणि रुंदी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी नको, म्हणजे चेपलेला फॉन्ट नको. इंग्रजीत ग्रॅमचं चिन्ह एकटा ‘जी’ आहे. ‘जीएम’ आणि ‘जीएमएस’ दोन्ही चूक. एमआरपीसोबत प्रतिग्रॅम किंमतही लागते, तिची जागा सोडा.

‘घरगुती’ हा शब्द तिन्ही नमुन्यांत कुठे असेल तर थांबा. ग्राहकाची दिशाभूल होईल असा घरगुतीपणाचा दावा २०१८च्या जाहिरात आणि दावे नियमांत बसत नाही. ‘शुद्ध’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ अशा शब्दांनाही अटी आहेत. असा शब्द ब्रँडच्या नावातच असेल तर हे केवळ नाव आहे असा खुलासा किमान ३ मि.मी. अक्षरांत छापावा लागतो. तो पुढच्या बाजूची शोभा घालवतो.

बारकोड: पूर्ण मापात ३७.२९ × २५.९३ मि.मी., सर्वांत लहान ८० टक्के, म्हणजे २९.८३ × २०.७४. यात दोन्ही बाजूंची मोकळी जागा धरलेली आहे, डिझायनर ती ‘वाया गेली’ म्हणून कापतात आणि कोड वाचला जात नाही. लाल, नारिंगी, फिक्या तपकिरी रेघा नकोत, स्कॅनरचा उजेड लाल असल्याने त्या त्याला पांढऱ्याच दिसतात. चमकीवर थेट छापू नका, खाली पांढरा हवा. आणि छपाईच्या वेळी फिल्म ज्या दिशेने धावते त्या दिशेत रेघा ठेवल्या तर पसरत नाहीत, ही दिशा छपाईवाल्यालाच विचारा.

सुगरण_गट

खूप धन्यवाद सगळ्यांना. ‘घरगुती’ तिन्हींत आहे, मोठ्या अक्षरांत. काढतो. आणखी दोन शंका. एक, हे सगळं मोजून प्रत्येक नमुन्याला १०० पैकी गुण द्यायचे का? दोन, जुन्या लाल-पांढऱ्या लेबलाचं काय? गिऱ्हाईक दुकानात ‘ते लाल चिठ्ठीवालं द्या’ असं मागतं. तिन्ही नमुन्यांत ते लेबल कुठेच नाहीये.

काउंटरपलीकडून

मग तुमचा निर्णय अर्धा झालाय. ‘लाल चिठ्ठीवालं’ हेच तुमच्या ब्रँडचं खरं नाव आहे, गटाच्या कागदावर काही का असेना.

अमेरिकेत ट्रॉपिकाना संत्र्याच्या रसाच्या खोक्याचं उदाहरण या विषयात नेहमी देतात, आणि योग्यच आहे. जानेवारी २००९ मध्ये त्यांनी संत्र्यात खुपसलेल्या स्ट्रॉचं चित्र काढून टाकलं, त्याजागी रसाचा ग्लास आणला आणि नावाची अक्षरंही बदलली. नवं खोकं वाईट नव्हतं, पण लोकांना फळीवर आपलं खोकं सापडेना. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्के उतरली आणि कंपनीने जुनं खोकं परत आणलं. एकाच वेळी चित्र, अक्षर आणि मांडणी तिन्ही बदलल्या, ही चूक. आपल्याकडे पारले-जीचा कागद मेणकापडी वेष्टनातून प्लास्टिकवर गेला, तरी पिवळे-पांढरे पट्टे आणि मुलीचं चित्र जागेवर राहिलं.

म्हणून: जुन्या लेबलाचा आकार आणि लाल-पांढरा जसाच्या तसा उचलून नव्या पाउचच्या मध्यावर ठेवा. बाकी पाउच हवा तसा करा.

गुणांबद्दल: बेरीज करू नका. शंभरात ७२ आणि ६८ यांतून काही कळत नाही, आणि ‘सौंदर्य १०/१०’ने ‘बारकोड ०/१०’ भरून निघत नाही. काही गोष्टी पास-नापास ठेवा: दोन मीटरवरून नाव वाचलं, दहापैकी आठ जणांनी ‘मसाला’ असं ओळखलं, बारकोड वाचला, चष्मा लावलेल्या साठीपुढच्या माणसाने दहा सेकंदांत तारीख शोधली. यांत एकही नापास असेल तर नमुना दुरुस्तीला परत. उरलेल्यांतून मग आवडीने निवडा, तिथे आवडीला पूर्ण मुभा आहे.

शिरोरेषा

बेरजेबद्दल एकदम मान्य. मात्र ब ला इतक्या लवकर घालवू नका. प्रदर्शनात गिऱ्हाईक हातभर अंतरावर असतं, पाकीट उचलून वाचतं, शेजारी दहा लाल पाकिटं असतात. तिथे खाकी उठून दिसतो. प्रदर्शनासाठी १०० ग्रॅमची छोटी भेटपिशवी करणार असाल तर ब चं मिरचीचं रेखाचित्र तिथे वापरा, लाल चिठ्ठी तीच ठेवून. मोबाइलसाठी आणखी एक बघा: तिन्हींचे फोटो नखाएवढे करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. रेखाचित्र त्या मापात बहुधा डागासारखं दिसेल.

सहा_सिलिंडर

फ्लेक्स आणि पॅम्फ्लेट राहिलं. पाकिटाची फाइल ताणून फ्लेक्स करू नका, ते सगळ्यात जास्त होतं. स्टँडजवळ लोक पंधराएक मीटरवरून बघणार. वरच्याच हिशेबाने अक्षर १२५ मि.मी. उंच हवं. दहा फुटी फ्लेक्सवर एवढ्या उंचीचे पाच-सहा शब्द नीट बसतात, त्यात वस्तूचं नाव, पाकिटाचा मोठा फोटो आणि मिळण्याचं ठिकाण. मान्यवरांचे फोटो लावायचे असतील तर वेगळा फ्लेक्स करा, मसाल्याच्या फ्लेक्सवर नको.

पॅम्फ्लेट मॅपलिथो, म्हणजे साध्या बिनचमकीच्या, कागदावर दोन रंगांत पुरे: लाल आणि काळा. मजकूर निव्वळ काळ्यात. पाकिटाचा फोटो त्या कागदावर गडद होतो, म्हणून थोडा उजळ करून द्या. तीच जाहिरात वर्तमानपत्रात द्यायची असेल तर आणखी उजळ, कारण तिथे शाई पसरते, आणि कोरलेली पांढरी अक्षरं ९ पॉइंटच्या खाली नेऊ नका.

सुगरण_गट

ठरलं: अ चा लाल-पिवळा, मध्ये जुनी चिठ्ठी, वाटीत मटकीची उसळ, ‘घरगुती’ बाद. पहिल्यांदा पाचशे पाउच, स्टिकर लावून. स्टिकर किती मापाचं घेऊ?

सहा_सिलिंडर

१०० × १४० मि.मी. पाउच फुगल्यावर दोन्ही बाजूंचे पंधरा मि.मी. वळतात, तेवढी जागा सुटते. कोपरे ३ मि.मी. गोल करून घ्या, टोकदार कोपरा आधी उचलला जातो. आणि चिकटवण्याआधी पाउच कोरड्या कापडाने पुसा, मसाला भरून झाल्यावर नाही, भरायच्या आधीच चिकटवा.